ग्रिम फँडँगो: माऊस आल्यावर कोणती कोडी सुटली आणि कोणती अडलेलीच राहिली?

मांडवीकाठ

२ नोव्हेंबर जवळ आला. गोव्यात त्या दिवशी सिमितेरीत मेणबत्त्या लागतात, थडगी फुलांनी सजतात. आपले म्हाळ त्याआधी होऊन गेलेले असतात. मेलेल्या माणसाला पुढे वाट चालायची असते आणि मागे राहिलेल्यांनी त्याची आठवण ठेवायची असते, ही गोष्ट इथल्या कुठल्याच घराला समजावून सांगावी लागत नाही. म्हणून ग्रिम फँडँगो या संगणकावरच्या गेमची कथा आपल्याकडे चटकन पोचते. मॅनी कालावेरा हा मेलेल्यांच्या मुलुखातला ट्रॅव्हल एजंट. ज्यांनी आयुष्य चांगलं काढलं, त्यांना नंबर नाइन गाडीचं तिकीट मिळतं आणि चार वर्षांचा प्रवास चार मिनिटांत होतो. बाकीच्यांनी चालत जायचं. मर्सिडीस कोलोमारला तिच्या हक्काचं तिकीट मिळत नाही, तिथून गुंता सुरू होतो.

कोडी सोडवत कथा पुढे नेणारा हा साहसी गेम ऑक्टोबर १९९८चा, लुकासआर्ट्स कंपनीचा, मुख्य डिझायनर टिम शेफर. समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर शंभरपैकी ९४. गेमस्पॉटने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम पीसी गेम ठरवलं. समीक्षकांनी संवाद, टोनी प्लानाचा मॅनीचा आवाज, पीटर मॅककॉनेलचं संगीत आणि आर्ट डेको व अ‍ॅझ्टेक यांचं मिश्रण असलेल्या इमारती वाखाणल्या. तक्रारी मुख्यतः दोन होत्या: चालवायला अवघड आणि काही कोडी अतर्क्य.

माझं म्हणणं असं की या दोन तक्रारी तेव्हा एकमेकींत मिसळल्या होत्या. कोडं अडलं की दोष कळफलकाचा की कोड्याचा, हे खेळणाऱ्याला सांगता येत नव्हतं. २०१५ साली डबल फाइन कंपनीने रीमास्टर्ड, म्हणजे जुनाच गेम सुधारून काढलेली आवृत्ती काढली आणि तिच्यात पॉइंट-अँड-क्लिक, म्हणजे माऊसने खेळायची सोय दिली. आता दोन्ही दोष वेगळे करून बघता येतात. म्हणून धागा काढलाय. कुठलं कोडं माऊसने सुटलं, कुठलं नाही, कारणासकट लिहा. गेमची कथा चार वर्षांत विभागलीय, त्यातल्या शेवटच्या वर्षाचा शेवट मात्र उघड करू नका, नवीन लोक वाचतायत.

म्हापसेकर

चांगला विषय. आधी मूळ नियंत्रण काय होतं ते नीट मांडतो, कारण ज्यांनी फक्त रीमास्टर्ड खेळलाय त्यांना तक्रार कशाची होती तेच कळत नाही.

मूळ गेममध्ये माऊस नव्हताच. वरचा बाण म्हणजे मॅनीने तोंड केलंय त्या दिशेला पुढे. डावा-उजवा बाण म्हणजे जागच्या जागी वळणं. रणगाडा वळतो तसं, म्हणूनच त्याला टँक कंट्रोल म्हणतात. शिफ्ट दाबून धावायचं. 'ई' म्हणजे निरखणं, 'यू' म्हणजे वापरणं, 'पी' म्हणजे उचलणं, 'आय' म्हणजे कोटात हात घालणं.

अडचण कुठे यायची? कॅमेरा प्रत्येक दृश्यात ठरावीक जागी बसवलेला. एका दृश्यात मॅनी कॅमेऱ्याकडे येतो, दार ओलांडलं की पुढच्या दृश्यात कॅमेरा त्याच्या पाठीमागे. बोट बाणावरच असतं, पण पडद्यावर दिशा उलटलेली. शिवाय तो वस्तूंना नेमका कुठे अडतो ती हद्द नीट आखलेली नव्हती. खुर्चीला, कठड्याला अडून तो भिंतीला घासत कडेकडेने सरकत राहायचा.

आता दुसरी बाजू, जी समीक्षणांत फार कमी आली. पडद्यावर कर्सर नाही, वस्तूवर नाव उमटत नाही, खाली क्रियापदांची पट्टी नाही. मग खेळणाऱ्याला वस्तू कळायची कशी? मॅनीच्या मानेवरून. कामाच्या वस्तूजवळून गेलं की त्याची कवटी त्या वस्तूकडे वळते. चालता चालता मान डावीकडे गेली, की थांबायचं आणि 'ई' दाबायचं. सगळी मांडणी या एका हालचालीवर उभी आहे. माऊस आल्यावर ती हालचाल राहते, पण तिची गरज उरत नाही. लोक कर्सर पडद्यावर झाडू मारल्यासारखा फिरवतात आणि तो कुठे बदलतो ते बघतात. 'माऊस दिला असता तर गेम निर्दोष झाला असता' हे त्या वेळचं मत म्हणून मला अर्धंच बरोबर वाटतं. हालचालीची कटकट गेली, पण बघण्याची एक सुंदर रीतही गेली.

कोटाचंही तसंच. वस्तूंची यादी नाही. मॅनी कोटातून एकेक वस्तू काढून समोर धरतो, पुढची हवी तर आधीची आत. दोन-चार वस्तू असतात तोवर ऐट वाटते. दुसऱ्या वर्षात रुबाकावा या बंदरात कोट भरला की हवी ती वस्तू हातात यायला सात-आठ वेळा कळ दाबावी लागते. रीमास्टर्डमध्येही हे तसंच ठेवलंय, आणि इथे मी समीक्षकांच्या बाजूने आहे.

फोंड्याहून

लिफ्टचं कोडं घ्या. मांडवीकाठ म्हणतात त्याचा तो सर्वात स्वच्छ पुरावा आहे.

दुसऱ्या वर्षात फोर्कलिफ्ट चालवत लिफ्टमध्ये न्यायची, खाली उतरून कळ ओढायची, लिफ्ट सुरू झाली की लगेच पुन्हा फोर्कलिफ्टवर चढायचं आणि दोन मजल्यांच्या मध्ये फट समोर येते त्या क्षणी तिचे दाते पुढे घुसवायचे. दाते फटीत अडकतात, लिफ्ट मध्येच थांबते आणि लपवलेली जागा सापडते. कल्पना उत्तम आहे. फट डोळ्यांना दिसते, फोर्कलिफ्ट समोर असते, दोन्ही जोडायचं खेळणाऱ्याला सुचू शकतं.

मग लोक का अडले? दोन कारणं. एक, टँक कंट्रोलने अरुंद लिफ्टमध्ये वळून गाडीवर चढायला लागणारा वेळ. दुसरं जास्त गंभीर: लिफ्टचा वेग संगणकाच्या वेगाला बांधलेला होता. वेगवान प्रोसेसरवर लिफ्ट इतकी झरकन जायची की बरोबर उत्तर माहीत असूनही ते करता यायचं नाही. जितका नवा संगणक तितकं कोडं अशक्य. यासाठी पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल काढावी लागली. पॅच नसलेल्या सीडीवर खेळणाऱ्याने हे कोडं वाईट म्हटलं तर त्याला दोष देता येत नाही, पण दोष कोड्याचा नव्हता.

रीमास्टर्डमध्ये वेग ठीक आहे. पहिल्या झटक्यात जमलं नाही तर लिफ्ट परत खाली आणून पुन्हा करायचं. काही बिघडत नाही. या गेममध्ये चुकल्यावर मरण नाही आणि परत न येता येण्यासारखा खड्डाही नाही, हे नव्यांनी लक्षात ठेवावं. इकडे-तिकडे वाटेल ते करून बघायला मोकळीक आहे.

साळगावची_नवखी

नमस्कार. रीमास्टर्ड खेळतेय, पहिलं वर्ष. ग्लॉटिस मॅनीची गाडी चालवायला लागला, ब्रूनो या पहिल्या ग्राहकाला पाठवून झालं. आता चांगला ग्राहक मिळवायचा एवढं कळलंय. कचेरीतल्या नळ्यांच्या खोलीचं दार बंद आहे. कुणी पायऱ्या सांगाल का? पण नुसतं उत्तर नको, ते का, तेही सांगा.

म्हापसेकर

सांगतो, नवखीबाय. ज्यांना स्वतः सोडवायचंय त्यांनी ही पोस्ट गाळा.

निरोप हवेच्या दाबाने नळीतून येतात. चांगल्या ग्राहकांचे निरोप डॉमिनो या मॅनीच्या प्रतिस्पर्धी एजंटच्या नळीत जातात. तुम्हाला ती यंत्रणा बिघडवायची आहे, म्हणजे दुरुस्तीवाला येईल आणि दार तोच उघडेल. कोड्याचा गाभा एवढाच.

बाहेर उत्सवात फुगेवाला विदूषक आहे. त्याच्याकडून न फुगवलेले दोन फुगे घ्या. तो आकार विचारतो तेव्हा मेलेला किडा मागा. ते म्हणजे नुसतं रिकामं रबर. खाली पॅकिंगच्या खोलीत दोन पिंपांत दोन वेगळी द्रावणं आहेत, ती एकत्र आली की फेस फुगून घट्ट होतो. ब्रूनोला पॅक करताना तुम्ही हे पाहिलंच आहे. एका फुग्यात एक, दुसऱ्यात दुसरं. दोन्ही फुग्यांत एकच द्रावण भरलं तर काही होत नाही, आणि लोक इथेच सर्वात जास्त चुकतात. मग आपल्या कचेरीत येऊन दोन्ही फुगे एकापाठोपाठ नळीत सोडा. आत फुटतात, फेस होतो, यंत्र तुंबतं.

बाहेरच्या बोळात दुरुस्तीवाला येऊन दार उघडतो. तो आत आहे तोवर दाराच्या कडीकडे जा आणि ती फिरवून ठेवा. जीभ बाहेर राहिली की दार मिटत नाही. हे केलं नाही तर तो जाताना दार बंद होतं आणि परत खटपट.

आता आपल्या टेबलातले खेळायचे पत्ते घ्या. एव्हा या सेक्रेटरीच्या टेबलावर भोक पाडायचं यंत्र आहे, त्यात एक पत्ता घाला. भोक पाडलेला पत्ता डॉमिनोच्या नळीत बसवला की हवा भोकातून जाते, पण निरोपाचं नळकांडं अडतं. तोच मेचेचा, म्हणजे मर्सिडीसचा निरोप.

पत्ता सोडून सगळ्या वस्तूंचं काम तुम्हाला आधी दाखवलेलं असतं. फेस ब्रूनोच्या वेळी, नळी पहिल्याच मिनिटाला. म्हणून हे मला गेममधलं सर्वात नीट बांधलेलं कोडं वाटतं. माऊस असो वा नसो, काही फरक पडत नाही.

साळगावची_नवखी

कडी! मी दोनदा दार बंद होऊ दिलं. देव बरें करूं.

डिचोलीकर

आता वाईट बाजू. शिलावनातला दिशादर्शक खांब.

नळ्यांनंतर पहिल्याच वर्षात, रुबाकावाला जाताना गाडी जंगलात पोचते. चौकात रुबाकावाची पाटी लावलेला खांब आहे. करायचं काय, तर तो उपटून हातात घ्यायचा, मोकळ्या जागेत नेऊन जमिनीत रोवायचा. रोवला की तो आपोआप फिरून एका दिशेला तोंड करतो. त्या दिशेला जायचं, पुन्हा रोवायचं, पुन्हा बघायचं, असं करत नेमक्या जागी आलं की वाट उघडते.

यात तीन गोष्टी चुकतात. खांब उपटता येतो असं सुचवणारं काही नाही. बाकी गेममध्ये पाटी म्हणजे पाटी. तो आपोआप फिरेल याचीही आधी चाहूल नाही. आणि सर्वात वाईट म्हणजे जवळ आलो की लांब गेलो याचा अंदाज येत नाही. कॅमेरा तिरपा, जमीन एकसारखी, खांबाचा बाण अमुक दिशा दाखवतो म्हणजे पडद्यावर नेमकी कुठली, हे चुकतं. टँक कंट्रोलने तर ही शिक्षाच होती: प्रत्येक वेळी थांबा, वळा, चाला, रोवा, उपटा.

माऊसने चालणं सोपं झालं, पण कोडं होतं तिथेच आहे. हात मोकळे झाले, डोकं अडलेलंच. मांडवीकाठ यांना हवा असलेला उलटा पुरावा हा.

अडलेल्यांसाठी व्यवहारातली युक्ती: खांब रोवल्यावर बाणाच्या दिशेला लांब धाव घेऊ नका. मॅनीची चार-पाच पावलं, परत रोवा. बाण उलटा झाला तर जागा तुम्ही नुकतीच ओलांडलीत, अर्धंच मागे या.

फोंड्याहून

डिचोलीकरबाब, जंगलाशी सहमत. पण त्याच जंगलातलं हातगाड्यांचं झाडही त्यात टाकू नका. ते यंत्र डोळ्यांसमोर हलतं, ताल जुळवायचा असतो, ताल जुळला की फरक दिसतो. बघून शिकता येतं. खांब बघून शिकता येत नाही. फरक तोच.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीचे नांगरही लोक अन्यायाचे म्हणतात. दोन्ही नांगर एकमेकांत अडकवून जहाजाचेच दोन तुकडे करायचे. उत्तर वेडं आहे, पण नांगर खाली-वर करताना आणि जहाज पुढे-मागे नेताना परिणाम दिसत जातो. मी त्याला पास करतो.

पणजी_फेरीबोट

समीक्षा आणि विक्री यांच्याबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण प्रत्येक धाग्यात 'ग्रिम फँडँगोने साहसी खेळ मारले' हे वाक्य येतं.

२००३पर्यंत उत्तर अमेरिकेत दुकानांतून सुमारे ९५,००० प्रती खपल्या. त्या आकड्यावरून तो पडला असं सर्रास लिहिलं जातं. लुकासआर्ट्सने मात्र म्हटलं होतं की अमेरिकेतली विक्री अपेक्षेप्रमाणे आणि जगभरातली अपेक्षेपेक्षा जास्त झाली. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर चित्र असं दिसतं: गेम बुडाला नाही, पण नवीन तंत्रावर केलेल्या खर्चाच्या मानाने पुढच्याला धीर यावा एवढं त्याने दिलं नाही. १९९८च्याच नोव्हेंबरात हाफ-लाइफ हा नेमबाजीचा गेम आला. दुकानातल्या त्याच फळीवर, त्याच खिशातून पैसे मागणारा.

तंत्र म्हणजे ग्राइम इंजिन, ज्या सॉफ्टवेअरच्या पायावर गेम उभा आहे ते. १९८७च्या मॅनिअ‍ॅक मॅन्शनपासून १९९७पर्यंत कंपनीचे साहसी खेळ स्कम या जुन्या इंजिनवर चालत आले होते. ग्राइममध्ये पात्रं त्रिमितीय, मागचं दृश्य आधीच काढून ठेवलेलं चित्र. गेमची स्क्रिप्ट लुआ या प्रोग्रामिंग भाषेत. तेच इंजिन २०००च्या एस्केप फ्रॉम मंकी आयलंडला वापरलं, तिथेही माऊस नव्हता आणि तिथेही तीच तक्रार झाली. म्हणजे समीक्षकांचं म्हणणं कंपनीने ऐकलं नाही, हे नोंदवायलाच हवं. कंपनीच्याच फुल थ्रॉटलचा दुसरा भाग २००३ साली आणि सॅम अँड मॅक्सचा नवा गेम २००४ साली रद्द झाला. गाडी थांबली ती तिथे. एकट्या ग्रिमवर खापर फोडणं मला पटत नाही.

काणकोणची_कविता

कोडं अन्यायाचं कधी होतं याला भाषेचीही बाजू आहे, ती कुणी काढली नाही म्हणून लिहिते.

१९९१च्या मंकी आयलंड २मध्ये धबधब्याचं पाणी बंद करायला एक झडप फिरवायची असते. उत्तर: दारूच्या गुत्त्यात पियानो वाजवणारं माकड. तालयंत्रावर केळं ठेवून त्याला संमोहित करायचं, ताठ झालेलं माकड कोटात घालायचं आणि झडपेला पाना म्हणून लावायचं. कारण अमेरिकेत त्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. ब्रिटनमध्ये तो स्पॅनर. आपल्या गॅरेजात तो नुसता पाना. पाना आणि माकड यांचा मराठीत कशानेच संबंध जुळत नाही, त्यामुळे आपल्याकडचा कितीही हुशार खेळाडू विचार करून तिथे पोचणार नाही, फक्त सगळ्या वस्तू सगळीकडे घासून पोचेल.

ग्रिम या बाबतीत फार वरचा आहे. त्याची चांगली कोडी वस्तूंच्या गुणांवर चालतात, शब्दांवर नाही. रुबाकावात सोन्याचे कण असलेलं मद्य पिऊन मॅनी धातू शोधणाऱ्या यंत्रापुढे उभा राहतो आणि यंत्र ओरडतं. सोनं पोटात गेलं म्हणजे पोट वाजणार. हे काणकोणच्या पोरालाही कळेल आणि मेक्सिकोच्याही.

१९९९च्या गॅब्रिएल नाइट ३मधली मांजराच्या केसांची मिशी याच्या अगदी उलट टोकाला. भाड्याची मोटरसायकल मिळवायला मित्राचं सोंग घ्यायचं. दाराच्या भोकाला चिकटपट्टी लावून मांजराला तिथून पळवायचं, पट्टीवरचे केस पाकाने ओठावर चिकटवायचे. आणि ज्या मित्राचं सोंग, त्याला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोवर पेनने मिशी काढायची. २००० साली ओल्ड मॅन मरे या संकेतस्थळाने याच कोड्याची पायरी-पायरीने चिरफाड केली आणि साहसी खेळांनी आत्महत्या केली असा निष्कर्ष काढला. त्यातली चूक माऊसची नव्हती, तो गेम माऊसवरच चालायचा. नियंत्रण कितीही सोपं केलं तरी तर्क तुटला की तुटलाच.

मांडवीकाठ

काणकोणची_कविता, हे मिशीचं उदाहरण मला सुचायला हवं होतं. माऊस पूर्ण, तर्क शून्य. ग्रिमचं लिफ्टचं कोडं त्याच्या बरोबर उलट: तर्क पूर्ण, नियंत्रण आणि वेग बिघडलेले. दोन्हींना त्या काळात 'अतर्क्य कोडं' हे एकच लेबल लागलं.

म्हापसेकरांचं मानेबद्दलचं म्हणणं वाचून माझं मत थोडं हललं, हेही लिहून ठेवतो. पहिलं वर्ष टँकवर आणि पुढचं माऊसवर खेळावं असं आता नव्यांना सांगेन. रीमास्टर्डमध्ये नियंत्रण मेनूतून कधीही बदलता येतं. संपूर्ण गेम टँकवर संपवला तर त्याची वेगळी अचीव्हमेंटही आहे.

माऊसची सोय एका चाहत्याने मूळ गेमसाठी केलेल्या मॉडवरून, म्हणजे घरगुती फेरफारावरून आली. डबल फाइनने ते काम त्याच्याशी बोलून घेतलं. सतरा वर्षं समीक्षणांत लिहून आलेली मागणी कंपनीने नाही, खेळणाऱ्याने पुरी केली.

पणजी_फेरीबोट

आज खेळायचं तर दोन वाटा.

रीमास्टर्ड स्टीम आणि गॉग या ऑनलाइन दुकानांत मिळतो, फोनवरही आहे. पात्रांची त्वचा म्हणजे हाडांवरचं चित्र नव्याने काढलंय, प्रकाश जिवंत पडतो, संगीत मेलबर्न सिंफनी ऑर्केस्ट्राकडून पुन्हा वाजवून घेतलंय. ऑटोसेव्ह नाही. समीक्षकांनी २०१५मध्ये यावर बोट ठेवलं ते योग्यच. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, डेस्कटॉपवर खेळत असाल तर प्रत्येक कोडं सुटलं की मेनूत जाऊन सेव्ह करा, आणि एकाच जागी नको, आलटून पालटून तीन जागी.

दुसरी वाट, मूळ दोन सीडी असतील तर स्कमव्हीएम, म्हणजे जुने गेम नव्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम. २०२१ची २.५ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी, त्याआधीच्यांत ग्रिम चालत नाही. दोन्ही सीडींवरच्या 'लॅब' शेपटीच्या सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये घ्या. त्याच फोल्डरमध्ये अधिकृत पॅचची फाइल, जीएफयूपीडी१०१, न उघडता तशीच ठेवा. स्कमव्हीएम ती आतून वाचतं. ती नसेल तर गेम सुरू होत नाही, आणि दहापैकी नऊ तक्रारी याच्याच असतात. मग 'अ‍ॅड गेम' करून फोल्डर दाखवा. लिफ्टचा जुना घोळ इथे राहत नाही.

साळगावची_नवखी

एक शेवटचं. माझा पडदा रुंद आहे, दोन्ही बाजूंना पट्टे येतात. सेटिंगमध्ये ताणायची सोय दिसते. ताणू का?

म्हापसेकर

नको. मागची चित्रं १९९८च्या ६४० बाय ४८० मापाचीच आहेत, ती नव्याने काढलेली नाहीत, फक्त पात्रं नवी आहेत. ताणलं की दोन गोष्टी होतात: चित्र आणखी पुसट दिसतं आणि मॅनीचं डोकं रुंद होतं. त्याची कवटी मुद्दाम उभट, लांबट काढलीय, मेक्सिकोतल्या कागदी लगद्याच्या कालाका बाहुल्यांसारखी. पडदा चार-तीनच्या मूळ प्रमाणावर ठेवा आणि खोलीतला दिवा मालवा, पट्टे दिसणारच नाहीत. जंगलात पोचलात की खांबाजवळ जाण्याआधी एक सेव्ह करा.